निरंक

नकाशा बुधवारी दुपारी तीन वाजता तयार झाला. संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तेव्हा धाकटी एकटीच होती. धाकटी हे तिचं घरातलं नाव. संस्थेतही कोणीतरी ते ऐकलं आणि तेच चिकटलं. भिंतीला लागून किड्यांच्या पेट्यांची कपाटं, त्यांतून येणारा डांबरगोळ्यांचा वास, टेबलावर दोन पडदे. डाव्या पडद्यावर आकडे होते आणि उजव्या पडद्यावर नकाशा. नदीकाठचं कुरण लाल आलं होतं. खाणीशेजारचा पूर्वेचा उतार वरपासून खालपर्यंत निळा होता.

लाल म्हणजे सुईकिडा असण्याची शक्यता जास्त. निळा म्हणजे तो नसल्यात जमा.

सुईकिडा हा बोटाच्या पेराएवढा, वाळक्या गवताच्या रंगाचा नाकतोडा. त्याचे पंख नावापुरते असतात. त्यांनी उडता येत नाही, फक्त ते एकमेकांवर घासून आवाज करता येतो. भर दुपारच्या उन्हात नर हा आवाज करतो. सुईचं टोक काचेवरून ओढावं इतका तो बारीक असतो, म्हणून हे नाव. उडता येत नसल्यामुळे किडा जिथे जन्मतो तिथेच मरतो, आणि तिथलं गवत गेलं की त्याची सगळी वसाहत जाते. तो जिथे उरला होता त्या जागांची यादी एका पानात मावत होती, आणि दर वर्षी त्या पानावर थोडी जास्त जागा रिकामी राहत होती.

गवतात तो डोळ्यांनी सहसा सापडत नाही. कानांनी शोधावा लागतो.

धाकटीचं काम त्यापुढचं. किडा जिथे ऐकू आला ती ठिकाणं, जिथे आला नाही ती ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणचं ऊन, उतार, गवताची उंची, मातीतला ओलावा असं सगळं संगणकाला द्यायचं. त्यावरून संगणक या किड्याला काय मानवतं ते शिकतो आणि जिथे कोणी पाऊल ठेवलेलं नाही अशा जागांबद्दलही अंदाज सांगतो. याला मॉडेल म्हणतात. मॉडेल नोंदींपेक्षा शहाणं कधीच नसतं. हे वाक्य धाकटी नवीन लोकांना पहिल्याच दिवशी ऐकवत असे.

कुरणातल्या नोंदी दर वर्षी बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या होत्या. उतारावरच्या सगळ्या नोंदी एकाच माणसाच्या होत्या. तो माणूस धाकटीचा बाप.

"झालं का?" विभागप्रमुखांनी दारातूनच विचारलं. त्यांना सगळं आजच हवं असायचं, म्हणून त्यांच्या मागे त्यांना 'आजच' म्हणत.

"झालं सर. उतार निळा आलाय."

ते पडद्यापाशी आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "वाईट आहे. पण सोपं आहे. सोमवारी समितीपुढे हेच ठेवू. खाणीला उतार हवाय, तो त्यांना जाईल. बदल्यात आपण कुरणाला कुंपण मागू. जिथे किडाच नाही तिथे भांडून काय करायचं?"

"हो."

"आणि नोंदींवर कोणी बोट ठेवणार नाही. वीस हंगाम, एक शनिवार चुकलेला नाही. तुमच्या वडिलांसारखी माणसं आता मिळत नाहीत हो."

जिन्यात वडिलांचा फोटो लावलेला होता. उतारावर उभे, डावा हात कानामागे धरलेला, डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, 'कानसेन'. बाकी काही नाही. बाकी काही लिहायची गरज नव्हती. वडील घड्याळजी. दुकानात शिरलेल्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ मागे पडतंय की पुढे, हे ते माणूस बोलायच्या आत सांगत, अशी गोष्ट सांगितली जायची. दर शनिवारी दुकान बंद ठेवून ते उतारावर जात. पायवाटेवर सात थांबे ठरलेले. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं उभं राहायचं, जाताना एकदा आणि येताना एकदा. ऐकू आले तेवढे मोजायचे आणि तक्त्यात लिहायचे. हंगाम चौदा आठवड्यांचा.

तक्त्याचा एक नियम पहिल्या पानावर छापलेला होता : कोणताही रकाना रिकामा ठेवू नये. काही नसल्यास 'निरंक' लिहावे.

सहाला पाच मिनिटं कमी असताना आईचा फोन आला. बाबांना कालपासून कणकण होती, आता अंग चांगलंच तापलं होतं, आणि ते डॉक्टरकडे यायला तयार नव्हते.

"तू सांग त्यांना. माझं ऐकतात कुठे? किड्यांचं ऐकतील, माझं नाही."

धाकटी गेली. बाबा खिडकीशेजारच्या आपल्या कामाच्या टेबलापाशीच बसले होते, शाल पांघरून. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण टेबल घरी आलं होतं, आणि टेबलाबरोबर भिंग, चिमटे आणि ओळखीपाळखीच्यांची बिघडलेली घड्याळंही. तिने कपाटातून थर्मामीटर काढला आणि त्यांच्या काखेत दिला.

"वाजला की काढा."

"माहीत आहे गं."

ती समोर बसली. मिनिटभराने थर्मामीटर वाजला. टीक-टीक-टीक, तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. बाबा हात घट्ट दाबून खिडकीबाहेर बघत होते. तो आणखी एकदा वाजला आणि गप्प झाला.

"बाबा, काढा ना."

"वाजू दे की."

आई स्वयंपाकघरातून भरड्या आवाजात म्हणाली, "अहो, कधीचा वाजला! काढा तो."

"वाजला का?" त्यांनी तो काढला, लांब धरून वाचला. "शंभर पॉइंट चार. काही नाही."

आई हात पुसत बाहेर आली. "हे असंच चालतं. कपडे धुवायचं मशीन बोंबलून बोंबलून गप्प होतं, हे शेजारी बसून पेपर वाचतात. सोयीचं तेवढं ऐकायचं, बाकी सगळा कानाडोळा. ही जुनी खोड आहे."

बाबा हसले. धाकटी हसली नाही. तिने थर्मामीटर हातात घेतला, पुसला आणि डबीत ठेवला.

गुरुवारी सकाळी साडेसातला ती संस्थेत आली. जुन्या नोंदवह्या तळमजल्यावरच्या कपाटात असत. त्या कोणी उघडत नसे, कारण सगळ्या नोंदी केव्हाच संगणकात गेल्या होत्या. संगणकात एका थांब्याला एका फेरीचा एकच आकडा होता, दोन्ही बाजूंची बेरीज. वहीत मात्र जास्त होतं. बाबांनी प्रत्येक फेरीत डावीकडचे आणि उजवीकडचे किडे वेगळे लिहिले होते. तसं कोणी सांगितलं नव्हतं. ती त्यांची सवय.

तिने कागद घेतला आणि हंगामामागून हंगाम चार रकाने काढले : जाताना डावीकडे, जाताना उजवीकडे, येताना डावीकडे, येताना उजवीकडे.

पायवाट उताराला आडवी जाते. जाताना वरचं गवत डाव्या हाताला येतं आणि येताना उजव्या. म्हणजे जाताना डावीकडे पाच ऐकू आले, तर येताना उजवीकडे साधारण पाचच यायला हवेत. पहिले अकरा हंगाम तसे येतही होते. बाराव्या हंगामापासून डावीकडचे आकडे घसरू लागले. जाताना डावीकडे एक, आणि तासाभराने येताना, त्याच गवतात, आता उजवीकडे, पाच. खालच्या बाजूला नेमकं उलट. जाताना उजवीकडे चार, येताना डावीकडे शून्य. कुठल्याही फेरीत, कुठल्याही थांब्यावर, जे डाव्या हाताला असेल ते गप्प होत चाललं होतं. तेराव्या हंगामात डावी बाजू संपली. चौदाव्याच्या अखेरीस उजवी. पंधराव्यापासून विसाव्यापर्यंत सगळीकडे निरंक.

किड्याला माणसाचं डावं-उजवं कळत नाही.

तिने पेन खाली ठेवलं. एका हंगामाच्या एकशे शहाण्णव नोंदी, असे सहा हंगाम, अकराशे शहात्तर. मॉडेलला तिने याच सहा हंगामांच्या नोंदी दिल्या होत्या, कारण आजचा नकाशा करायचा तर अलीकडच्याच नोंदी घ्यायच्या असं ठरलं होतं. मॉडेलची परीक्षाही तिने याच नोंदींमधला एक हिस्सा बाजूला ठेवून घेतली होती. शंभरात चौऱ्याण्णव बरोबर आले होते. त्या आकड्यावर विभागप्रमुख खूश होते. ज्या वहीतून धडा घेतला त्याच वहीतून पेपर काढला, तर पोर नापास होणार कसं?

नकाशात उतार निळा होता तो किड्यामुळे नव्हे. ते बापाच्या कानांचं चित्र होतं.

पंधराव्या हंगामाच्या नवव्या आठवड्याचं पान तिने दोनदा पाहिलं. चौथा थांबा, जाताना. तिथे निरंक नव्हतं. पेन्सिलने बारीक '१' लिहिलेला होता आणि शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द : पाहिला.

ही नोंद तिला आठवत होती. दोन महिन्यांपूर्वी आकडे साफ करताना ती तिच्यासमोर आली होती. अकराशे पंच्याहत्तर निरंकांमध्ये एकटा एक, शेजारी नोंद चढवणाऱ्याची 'पेन्सिलने' अशी टीप, आणि तोही ऐकलेला नाही. तिने 'संशयास्पद' असा शेरा देऊन तो काढून टाकला होता. अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

दुपारी ती घरी गेली. ताप उतरला होता. बाबा एक गजराचं घड्याळ उघडून बसले होते. उजव्या हाताच्या करंगळीचं नख त्यांनी घड्याळाच्या कडेला टेकवलं होतं. हे ते कित्येक वर्षं करत होते आणि आपण ते कित्येक वर्षं बघत होतो, हे तिला आता दिसलं. टिकटिक ते नखाने घेत होते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

तिने आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंग काढलं, चष्मा लावला आणि चारही रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. घड्याळ उघडल्यावर आधी सगळं नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, तसे.

"डाव्याचं मलाही कळलं नव्हतं," ते म्हणाले. "हे चांगलं काढलंस."

"आणि उजव्याचं?"

"चौथ्या थांब्यावर. तो मोठा दगड आहे ना, त्याच्या शेजारी. काडीवर बसला होता, माझ्यापासून हातभर. पंख चालत होते. मी बघतोय, पंख चालतायत आणि आवाज नाही. आधी वाटलं, याचंच काहीतरी बिघडलंय."

"मग?"

"मग कळलं कोणाचं बिघडलंय ते."

"तुम्ही तो पेन्सिलने लिहिलात."

"पुढच्या शनिवारी ऐकू आला असता तर शाईने पक्का करणार होतो. नाही आला. त्याच्या पुढच्याही नाही." त्यांनी घड्याळाचं झाकण उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "सांगणार होतो संस्थेत. जिना चढून गेलो एकदा. फोटोपाशी दोन पोरं उभी होती. एक दुसऱ्याला सांगत होता, हे कानसेन, यांना पन्नास पावलांवरून कळतं. मी परत खाली आलो."

"आणि मग सहा वर्षं तुम्ही काय करत होतात तिथे?"

"उभा राहत होतो. पाच मिनिटं, प्रत्येक थांब्यावर. एकही थांबा गाळला नाही."

"आणि निरंक लिहीत होतात."

"ऐकू आलं नाही, निरंक लिहिलं." त्यांचा आवाज थोडा चढला. "यात खोटं काय आहे? रकान्यावर काय छापलंय? 'ऐकू आलेले'. मला ऐकू आले नाहीत. मी नसलेला किडा कधी लिहिला नाही."

"बाबा, आमच्याकडे निरंक म्हणजे तिथे किडा नाही. संगणक त्याचा शून्य करतो. शून्याला कान नसतात. मी ते शून्य नकाशात घातलं, आणि सोमवारी त्या नकाशावर उतार खाणीला जाणार आहे."

हे त्यांना माहीत नव्हतं. खाण आहे हे माहीत होतं, नकाशा होतोय हेही माहीत होतं. दोन्हींच्या मध्ये आपली वही आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी मांडीवर घेतला.

"तो पेन्सिलचा एक तरी..."

"तो मी काढून टाकला. एकटाच होता. चूक वाटली."

दारात आई उभी होती. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे.

"म्हणजे मशीनचंच नाही," ती म्हणाली. "किड्यांचंही ऐकू येत नाही तुम्हाला."

"नाही."

"आणि मी दर शनिवारी डबा भरून देत होते. उन्हाचे जाताय, टोपी विसरू नका, सांगत होते." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ती दाराची चौकट धरून उभी होती. "मला तरी सांगायचंत हो. मी कोणाला सांगणार होते? मी काय जिन्यात फोटो लावलाय तुमचा?"

शुक्रवारी सकाळी धाकटीने कागद विभागप्रमुखांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"या नोंदी काढल्या तर नकाशात भोक पडतं."

"पडू दे."

"समितीला भोक आवडत नाही. आहे किंवा नाही, एवढंच विचारतात. भोकातून खाण आत येईल ती येईलच."

"निळ्यातून आत्ताच आलीय सर."

ते खुर्चीत मागे रेलले. "वडिलांचा विचार केलात? हे सोमवारी वाचून दाखवावं लागेल. बाहेर पडलं की या कानाचं त्या कानाला होईल. वीस वर्षांचं नाव आहे त्यांचं."

"उजव्या कानाच्या धरल्या तर चौदा वर्षांच्या नोंदी खऱ्या आहेत. त्या वाचवायच्या तर ही सहा काढावी लागतील. नाहीतर उद्या दुसरं कोणीतरी हे शोधेल आणि वीसही जातील."

"तुम्ही शोधलंत म्हणजे आता मलाही कानांवर हात ठेवता येणार नाही." ते उठले, कपाटाचं कुलूप काढलं आणि आतून राखाडी रंगाचा रेकॉर्डर काढला. बारीक आवाज भरड करून ऐकवणारं ते यंत्र होतं. यंदाच्या, एकविसाव्या हंगामाचा शेवटचा आठवडा चालू होता; त्याची वही अजून संस्थेत जमा झाली नव्हती. "उद्या दुपारपर्यंत ऊन आहे. परवा ढग सांगितलेत. मला उद्याच हवं," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दावर जरा थबकले. "खरं तर आजच हवं होतं."

शनिवारी साडेअकराला बापलेक पायवाटेच्या तोंडाशी उभे होते. बाबा अशक्त होते. आईने डबा दिला होता, टोपीची आठवण केली होती, आणि फाटकापाशी धाकटीला म्हणाली होती, "हळू ने त्यांना."

खालच्या अंगाला खाणीची पांढरी कडा दिसत होती. शनिवारी काम बंद असे. वारा नव्हता. हेडफोन बाबांच्या कानांवर होता. रेकॉर्डर धाकटीच्या हातात, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर आवाजाच्या रेघा उमटत होत्या. तिचे स्वतःचे कान चांगले होते, पण आज तिला स्वतःच्या कानांवर जायचं नव्हतं.

पहिला थांबा. पाच मिनिटं. पडद्यावर दुसऱ्या नाकतोड्यांच्या जाड रेघा होत्या. सुईकिड्याची बारीक, उंच रेघ नव्हती. बाबांनी मान हलवली. दुसरा थांबा, तेच. तिसऱ्यावर ते सात मिनिटं उभे राहिले. धाकटीने घड्याळ दाखवलं तेव्हा हलले.

"इथे पहिल्या वर्षी चौदा होते," ते म्हणाले.

चौथ्या थांब्यावर मोठा दगड होता. शेवाळं वाळून काळं झालेलं. धाकटीने रेकॉर्डर चालू केला. तिसऱ्या मिनिटाला बाबांनी उजवा हात वर केला, दोन बोटं एकत्र. ही त्यांची जुनी खूण. लहानपणी ती त्यांच्याबरोबर यायची तेव्हा ही खूण झाली की श्वासही रोखायचा असे. पडद्यावर अगदी वरच्या टोकाला केसासारखी रेघ उमटली, तुटली, पुन्हा उमटली.

बाबांनी डोळे मिटले होते. फोटोतल्यासारखे. फक्त कानामागे हात नव्हता.

पाचवा, काही नाही. सहावा, दोन. सातवा, काही नाही. येताना सहाव्यावर पुन्हा दोन आणि चौथ्यावर एक. बाकी थांबे येतानाही गप्प. सातही थांबे मिळून तीन नर.

दगडापाशी ते टेकले. डबा उघडला, पण दोघांनीही काही खाल्लं नाही.

"आहे," धाकटी म्हणाली. "उतारावर आहे. एवढं पुरे आहे सोमवारला."

"तीन," बाबा म्हणाले. "पूर्वी चाळीसच्या खाली जात नसत."

"हो."

"म्हणजे सगळं काही माझ्या कानांत नव्हतं. ते खरंच कमी होत होते."

"हो, बाबा."

"कधी कमी झाले? एकदम गेले की हळूहळू? खाणीने धूळ उडवायला लागल्यावर की आधीच?"

याचं उत्तर वहीत असायला हवं होतं, आणि वहीत सहा वर्षं निरंक होतं. बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आणि मी इथेच उभा होतो," ते म्हणाले. "दर शनिवारी."

रविवारी धाकटीने समितीसाठी टिपण लिहिलं. कारणाच्या जागी तिने 'निरीक्षणाच्या मर्यादेमुळे' असं घातलं आणि कागद बाबांना वाचायला दिला. त्यांनी टेबलाच्या खणातून शाईचं पेन काढलं, ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं : 'निरीक्षकाला ऐकू येत नव्हते. त्याला ते माहीत होते.'

"दुसरं वाक्य नको," ती म्हणाली. "पहिलं पुरे."

"रकाना रिकामा ठेवायचा नाही."

सहा हंगामांच्या वह्या तिने बरोबर आणल्या होत्या, समितीपुढे ठेवायला. बाबांनी त्या मागून घेतल्या. पट्टी लावून ते एकेका निरंकावर आडवी रेघ मारू लागले आणि शेऱ्यात दोन अक्षरं लिहू लागले : 'मा. ना.' माहीत नाही. धाकटी म्हणाली, संगणकात एका फटक्यात होईल, याची काही गरज नाही. ते म्हणाले, लिहिलं एका फटक्यात नव्हतं. आईने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला उचलून नेला. अकराशे पंच्याहत्तर रेघा पुऱ्या व्हायला संध्याकाळचे सहा वाजले. शेवटी ते पंधराव्या हंगामाच्या नवव्या आठवड्यावर परत आले आणि पेन्सिलच्या '१' वर शाईने '१' गिरवला.

त्याच वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला धाकटीने संगणकात तीच ओळ पुन्हा घातली. नकाशा पुन्हा चालवला. उतार आता निळा नव्हता. चौथ्या आणि सहाव्या थांब्याभोवती लाल ठिपके होते. बाकी सगळा भाग तिने राखाडी ठेवला.

सोमवारी समितीच्या अध्यक्षांनी राखाडीवर बोट ठेवलं. "इथे काय? आहे की नाही?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली.

"वीस वर्षं मोजून माहीत नाही?"

"चौदा वर्षं मोजलं. सहा वर्षं माहीत नाही." आणि तिने बाबांची दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. विभागप्रमुख टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होते. खाणीच्या माणसाने काहीतरी टिपून घेतलं.

निर्णय चार वाजता आला. चौथ्या थांब्यापासून सातव्यापर्यंतचा उतार दोन हंगाम खाणीला द्यायचा नाही. तिथे दर थांब्याला यंत्र लावायचं. पहिल्या तीन थांब्यांवर ना अलीकडचा विश्वासार्ह पुरावा, ना नवा आवाज. तो भाग खाणीला गेला. तिथे किडा कधी संपला, किंवा संपला होता की नाही, हे आता कोणालाच कळणार नव्हतं.

ती घरी आली तेव्हा बाबा शनिवारचा तक्ता पक्का करत होते. चौथा, एक. सहावा, दोन. बाकीच्यांपुढे निरंक, आणि प्रत्येक निरंकापुढे शेऱ्यात 'यंत्राने'. निरीक्षकाच्या रकान्यातही त्यांनी 'यंत्र' लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात : सोबत, घड्याळजी.

ती त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि काय ठरलं ते सांगितलं.

"पहिले तीन गेले?"

"गेले."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पहिल्या थांब्यावर पहिल्या वर्षी अकरा होते. दुसऱ्यावर नऊ. तिसऱ्यावर चौदा."

"आहे बाबा," धाकटी म्हणाली. "ती नोंद आहे. शाईची आहे."